दुसरा हात, तिसरा हात: हौशी लेखकाने कथा लिहावी कशी आणि पुन्हा लिहावी कशी

भिंतीला रंगाचा पहिला हात मारला की ती आधीपेक्षाही वाईट दिसते. खालचा जुना रंग डोकावतो, ब्रशचे फराटे दिसतात, कोपरे सुटलेले असतात. रंगारी त्याने खचत नाही, कारण दुसरा हात द्यायचाच आहे हे त्याला ठाऊक असतं. कथेचा पहिला खर्डाही असाच दिसतो. पण हौशी लेखकाला पुढचे हात कसे द्यायचे हे सहसा कुणी दाखवलेलं नसतं. मग तो एक तर पहिल्याच हातावर खूश होऊन कथा पाठवून देतो, नाहीतर ‘आपल्याला जमत नाही’ म्हणत वही माळ्यावर टाकतो. दोन्हींत कथा लिहिण्यातला सगळ्यात मोठा आनंद हुकतो. पुन्हा लिहिताना आपलंच पात्र आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी बोलून जातं, तो हा आनंद. पहिल्या खर्ड्यात तो क्वचितच भेटतो.

आणि या कामाला जे लागतं ते हौशी माणसाकडे भरपूर असतं: मोकळी मुदत. कथा कुणी मागितलेली नसते, त्यामुळे ती तीन आठवडे बाजूला ठेवली तरी कुणाचं काही अडत नाही.

इथे एकच काम धरलं आहे: १,८०० ते २,००० शब्दांची एक कथा, दहा आठवड्यांत, चार हातांत. एवढ्या लांबीत एक माणूस, एक अडचण आणि तीन-चार प्रसंग नीट मावतात. शिवाय ती एका बैठकीत वाचता येते आणि पुन्हा पूर्ण हाताने लिहून काढताना जीव दमत नाही. लेखनाची सुरुवात कादंबरीने करणाऱ्यांची कादंबरी बहुधा चाळिसाव्या पानावर अडकते, कारण तेवढ्या पानांचं पुनर्लेखन करण्याचा सराव झालेला नसतो.

वेळेचा हिशेब साधारण असा. पहिला आठवडा बीज आणि माहिती, पुढचे दोन पहिला खर्डा, मग तीन आठवडे विश्रांती. सातवा-आठवा आठवडा दुसऱ्या हाताला, नववा तिसऱ्याला, दहावा चौथ्याला. आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण तास पुरतो.

वही आणि फाइल

दोनशे पानी लांब वही घ्या. फक्त उजव्या पानावर लिहा, तेही एक ओळ सोडून. डावं पान कोरं ठेवायचं. पुढे सुचणारी वाक्यं, बदललेले संवाद, ‘हे खरंच असं होतं का?’ यांसारखे प्रश्न त्या पानावर येतात. ओळ सोडून लिहिलं की पानाला बारा-तेरा ओळी होतात, ओळीत आठ-नऊ शब्द, म्हणजे शंभरेक शब्द. वीस पानं भरली की कथा झाली. हा हिशेब मनात असला की दर वेळी शब्द मोजत बसावं लागत नाही. खर्डा निळ्या शाईत आणि दुरुस्त्या लाल किंवा हिरव्या शाईत करा, म्हणजे कोणता थर कधी चढला ते महिन्यानंतरही दिसतं.

मोबाइलवर किंवा संगणकावर लिहीत असाल तर एक नियम कडक पाळा: जुन्या फाइलवर नवं लिहायचं नाही. दर हाताला नवी प्रत, नावात आकडा आणि तारीख: ‘गिरणी-१-१२जानेवारी’, ‘गिरणी-२-२०फेब्रुवारी’. चौथ्या हातात कळतं की पहिल्या खर्ड्यातला एक संवादच बरोबर होता, आणि तो पुसून गेलेला असला तर तशाच्या तसा परत आठवत नाही.

बीज

‘वृद्धांचा एकटेपणा’ हा विषय झाला, बीज नव्हे. बीजात तीन गोष्टी लागतात: एक माणूस, त्याने करायचं काहीतरी, आणि त्याला घातलेली मर्यादा. या लेखभर एकच उदाहरण घेऊ. अण्णा पिठाची गिरणी चालवतात. उद्यापासून गिरणी बंद होणार आहे, जागा विकली गेली आहे. फळीवर आलेली दळणं आज संपवायची आहेत. इथे माणूस आहे, काम आहे, आणि संध्याकाळपर्यंतची मुदत आहे. दोन वाक्यांत बीज सांगता आलं नाही तर अजून लिहायला बसू नका. चार दिवस ते डोक्यात घोळू द्या.

मग माहिती. हा टप्पा हौशी लेखक सर्रास गाळतात, आणि कथा पांढरीफटक होते ती इथेच. गिरणीवर लिहायचं तर एका गिरणीत तासभर बसून या. काय पाहायचं? डबे कोणत्या क्रमाने लागतात. बाजरीनंतर लगेच गहू टाकले तर पहिल्या मूठभर पिठात करडी झाक येते, म्हणून क्रमाला महत्त्व असतं. उपवासाची भाजणी धान्याच्या पिठावर चालत नाही, ती आणणारी बाई आधी विचारून घेते. दगड बोथट झाले की त्यांना टाकी लावावी लागते. पीठ गरम उतरतं. डब्यांवर नावं कशी लिहिलेली असतात, खडूने की चिठ्ठीने? दळणारा माणूस पिठाचा पोत पाहायला हात कुठे धरतो? अशा वीस नोंदी करा. कथेत त्यांतल्या पाच-सहाच येतील, पण कोणत्या येणार हे आत्ता कळत नाही, म्हणून वीस लागतात.

पहिला हात

चार किंवा पाच बैठका, प्रत्येकीत चारशे-पाचशे शब्द. मागे वळून वाचायचं नाही. फक्त आदल्या दिवशीची शेवटची ओळ वाचायची आणि पुढे जायचं. एखादी गोष्ट माहीत नसेल तर जागेवर चौकट काढून ‘इथे दराची पाटी’ असं लिहून टाका. आठवायला किंवा शोधायला उठलात की बैठक मोडते. दिवसाचं काम प्रसंग संपल्यावर न थांबवता प्रसंगाच्या मध्येच थांबवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची हा प्रश्नच उरत नाही.

या टप्प्यावर बिघडतं ते बहुधा एकाच कारणाने: पहिला परिच्छेद सुंदर करायचा ध्यास. तीन दिवस पहाटेचं वर्णन घोटलं जातं आणि गिरणी उघडतच नाही. पहिला परिच्छेद तसाही पुढे कापला जाण्याची शक्यता मोठी असते, त्याच्यावर एवढा वेळ घालवू नये. खर्डा वाकडातिकडा का होईना, शेवटपर्यंत न्यायचा. शेवट सुचत नसेल तर कोणताही एक लिहा. चुकीचा शेवट समोर असला की बरोबर शेवट शोधणं सोपं जातं. कोऱ्या पानावर ते सोपं नसतं.

तीन आठवडे

वही कपाटात. डोकावायचंसुद्धा नाही. लिहून झाल्या झाल्या वाचलं तर आपण कागदावरचं वाचत नाही, मनात जे होतं तेच वाचतो. अण्णांचा चेहरा मनात इतका स्वच्छ असतो की तो कागदावर उतरलाच नाही हे लक्षात येत नाही. तीन आठवड्यांनी मनातलं चित्र फिकं होतं आणि कागदावर काय आहे, काय नाही ते दिसायला लागतं. या काळात दुसऱ्या कथेचं बीज शोधा, नाहीतर नुसतं वाचा.

दुसरा हात: बांधणी

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त धैर्य याच हाताला लागतं. इथे शुद्धलेखनाला हातही लावायचा नाही. जो परिच्छेद कापायचा आहे त्यातली वेलांटी सुधारून काय उपयोग?

आधी खर्डा एका बैठकीत, हातात पेन न घेता वाचा. दुसऱ्या वाचनात समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एकच शब्द लिहा: ‘घडतं’, ‘सांगितलं’ किंवा ‘आठवण’. मग मोजा. हौशी कथेत ‘आठवण’ जवळजवळ नेहमी जास्त निघते. आरामखुर्चीत बसलेला माणूस, खिडकीबाहेर पाऊस, आणि त्याला सगळं आयुष्य आठवतं. हा साचा मराठीत इतका रुळला आहे की तो आपण वापरतोय हेही कळत नाही. त्यातली अडचण अशी की चालू वेळेत काहीच घडत नाही. पात्र बसलेलंच राहतं. ‘आठवण’ एक तृतीयांशाहून जास्त निघाली तर जुन्या प्रसंगांपैकी एकच ठेवा आणि तो कुणाच्या तरी तोंडून, आजच्या कामाच्या ओघात येऊ द्या. अण्णांना चाळीस वर्षं आठवण्यापेक्षा एखादं गिऱ्हाईक ‘तुमच्या वडलांच्या वेळी दगड मोठा होता का हो?’ असं विचारेल तर जुना काळ दोन ओळींत दारात येऊन उभा राहतो.

त्यानंतर पाठकोऱ्या कागदाचे तुकडे घ्या. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, जाड असतात आणि जमिनीवर मांडता येतात. एका प्रसंगाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन गोष्टी: कोण, कुठे, आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदललं. तिसऱ्या रकान्यात लिहायला काही सापडलं नाही तर तो प्रसंग कथेत राहू शकत नाही, कितीही छान लिहिला असला तरी. गिरणीच्या कथेत ‘अण्णा सकाळी चहा पितात’ ही चिठ्ठी अशीच गळते. ‘मुलगा मोजमाप घेणाऱ्या माणसाला घेऊन येतो, अण्णा गिरणी चालू ठेवतात, त्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही’ ही राहते. चिठ्ठ्या खालीवर करून पाहा. मुलाचा प्रसंग दळण घेऊन येणाऱ्या सुलभाताईंच्या प्रसंगाआधी आला तर काय होतं, नंतर आला तर काय?

सुरुवात तपासायची एक सोपी रीत आहे. पहिलं पान झाकून दुसऱ्या पानापासून वाचा. कथा कळते का? कळत असेल तर पहिलं पान लेखकाच्या तयारीचं होतं, वाचकाला त्याची गरज नाही. गजराचं घड्याळ, पक्ष्यांची किलबिल, भरून आलेलं आभाळ हे सगळं बहुधा त्याच पानावर असतं. शेवटाचंही तसंच: शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. बऱ्याचदा कथा एक परिच्छेद आधीच संपलेली असते आणि उरलेल्या ओळी वाचकाला अर्थ समजावत असतात. अपघात, असाध्य आजार, ‘आणि तिला जाग आली’, उशिरा सापडलेलं पत्र, या शेवटांकडे संशयाने पाहावं. ते चुकीचेच असतात असं नाही, पण ते पहिल्यांदा सुचतात, आणि वाचकालाही तेच सुचलेले असतात.

आता सगळ्यात मोठा निर्णय: कथा कुणाच्या डोळ्यांनी? अण्णांच्या डोळ्यांनी पाहिली तर ती निरोपाची कथा होते. जागा विकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिली तर अपराधीपणाची, कारण त्याच्याही काही सक्तीच्या बाजू असणार. डबा घेऊन आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला हा शेवटचा दिवस आहे हे माहीतच नसेल, मग वाचकाला तिच्यापेक्षा जास्त कळतं आणि प्रत्येक साध्या गोष्टीला वजन येतं. तिघांच्या डोळ्यांनी दीडशे-दीडशे शब्दांचा एकच प्रसंग लिहून पाहा. तासभराचं काम आहे, पण पुनर्लेखनातली मजा कशाला म्हणतात ते या तासात पहिल्यांदा हाताला लागतं. एकदा निवड झाली की ती मोडायची नाही. अण्णांच्या डोळ्यांनी चाललेल्या कथेत मध्येच ‘सुलभाताईंना मनातून वाईट वाटलं’ असं आलं तर वाचकाचा पाय घसरतो. अण्णांना त्यांच्या मनातलं दिसणार कसं? त्यांना चेहरा दिसेल, हात दिसेल.

एवढं ठरल्यावर जुनी वही मिटा आणि कथा पहिल्यापासून नव्याने लिहा. जुन्या पानावर खाडाखोड करत बसू नका. आमचा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीसाठी आहे. खर्डा समोर ठेवून लिहिलं की हात जुनी वाक्यं उतरवून काढतो. मिटलेल्या वहीतलं जे आपोआप आठवतं ते बहुतेक वेळा ठेवण्याजोगं असतं, आणि जे आठवत नाही ते गेलं तरी फरक पडत नाही. अडलात तरच वही उघडा.

तिसरा हात: प्रसंग

आता एकेक परिच्छेद. पहिल्या खर्ड्यातला हा उतारा पाहा:

‘सकाळची वेळ होती. अण्णा गिरणीत बसले होते. आज गिरणीचा शेवटचा दिवस होता. त्यांना खूप वाईट वाटत होतं. चाळीस वर्षं त्यांनी ही गिरणी चालवली होती. सगळ्या आठवणी त्यांच्या डोळ्यांसमोर तरळून गेल्या. इतक्यात सुलभाताई डबा घेऊन आल्या. “अण्णा, आज शेवटचं दळण ना?” त्या म्हणाल्या. अण्णांच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या. “हो,” ते म्हणाले.’

यात व्याकरणाची चूक एकही नाही. तरी काही दिसत नाही, कारण वाचकाला पाहायला काही दिलेलंच नाही. वाईट वाटलं हे कळवलं आहे, तेही दोनदा. सुलभाताईंचा प्रश्न सुलभाताईंचा वाटत नाही; त्या लेखकाच्या वतीने वाचकाला माहिती देताहेत. जे दोघांनाही ठाऊक आहे ते माणसं एकमेकांना असं सांगत नाहीत.

तोच प्रसंग दुसऱ्या खर्ड्यात:

‘सुलभाताईंनी डबा काट्यावर ठेवला. पाच किलोला थोडे वर. अण्णांनी झाकण उघडून मूठभर गहू घेतले, फुंकर मारली, एक खडा वेचून उंबऱ्याबाहेर टाकला.
“बारीक ना?”
“नेहमीसारखं. संध्याकाळी येते न्यायला.”
“संध्याकाळी नको. थांबा, आत्ताच देतो.”
सुलभाताईंनी फळीकडे पाहिलं. फळीवर एकही डबा नव्हता.
अण्णांनी गिरणी सुरू केली. पीठ उतरायला लागलं तसा त्यांनी खाली हात धरला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.’

‘शेवटचा दिवस’ हे शब्द गेले आणि शेवटचा दिवस आला. ‘संध्याकाळी नको’ एवढ्यातच वाचक सावध होतो, रिकामी फळी उरलेलं सांगते. खडा वेचणं, हात धरणं या गिरणीत बसून आणलेल्या नोंदी आहेत. त्या तिथे नसत्या तर लेखकाला पुन्हा डोळ्यांच्या कडांकडेच वळावं लागलं असतं.

तरीही एक खोट राहिली आहे. ‘नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ’ हे लेखकाने बोट दाखवून सांगणं झालं. तिसऱ्या हातात शेवटची ओळ अशी होते: ‘पीठ उतरायला लागलं तसा त्यांनी खाली हात धरला. पीठ गरम होतं. त्यांनी हात काढला नाही.’ शब्द दोन-तीनच वाढले, पण आता वाचक स्वतः तिथे उभा राहून किती वेळ गेला ते पाहतो. एका ओळीवर अर्धा तास गेला तर तो वाया गेला असं समजू नका. या हाताचं काम तेवढंच आहे. प्रत्येक पानावर अशी एखादी ओळ सापडली तरी पुष्कळ झालं.

संवादांसाठी वेगळी फेरी करा. आधी डाव्या पानावर संबोधनांचा तक्ता मांडा: कोण कुणाला काय म्हणतं, आणि तू म्हणतं की तुम्ही. अण्णा सुलभाताईंना तुम्ही म्हणतात. बायको अण्णांना नावाने हाक मारत नाही, ‘अहो’ म्हणते. मुलगा त्यांना अरे-तुरे करतो की अहो-जाहो? दोन्ही घरं महाराष्ट्रात आहेत, तुमची कथा कोणत्या घरात घडते ते ठरवा. तक्ता नसेल तर चौथ्या पानावर मुलगा चुकून ‘तू’ वरून ‘तुम्ही’ वर जातो आणि वाचकाला वाटतं काहीतरी बिनसलं. मुद्दाम केलेला असा बदल मात्र फार ताकदीचा असतो: आयुष्यभर ‘तू’ म्हणणारा मुलगा वकिलासमोर ‘तुम्ही सही करा’ म्हणतो, तेवढ्यात सगळं येतं.

बोलीचं म्हणाल, तर जी कानावर पडत वाढलात तीच लिहा. मालवणी माणूस ‘खंय जातंस?’ म्हणेल, नागपूरकडचा ‘कुठे चालला बे?’ म्हणेल, पण ऐकीव बोली दोन वाक्यांपुढे टिकत नाही. मग चार शब्दांना अनुस्वार लावून गावरान केलेली भाषा तयार होते, ती कुठल्याच गावात बोलली जात नाही. बोली येत नसेल तर साधी प्रमाण मराठी लिहा आणि वेगळेपणा पात्राच्या बोलण्याच्या विषयांतून येऊ द्या.

चौथा हात: वाक्य

कथा मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. दोन हजार शब्दांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती ऐका. जिथे वाचताना जीभ अडखळली आहे तिथे वाक्य चुकलं आहे, असं धरून चालायला हरकत नाही.

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘होतं, होतं, होतं’ची रांग लागते. ती मोडायचे दोन-तीन मार्ग आहेत. वर्णनात क्रियापद गाळता येतं: ‘फळीवर चार डबे. एक पितळी.’ रोजची गोष्ट असेल तर ‘होतं’च्या जागी ‘येत’, ‘बसत’ अशी रीतिभूतकाळाची रूपं येतात. दोन कृती ‘-ऊन’ने जोडता येतात, पण ‘उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन, चपला घालून’ अशी माळ लागली की वाक्य धापा टाकतं. दोनच पुरे. षष्ठीचीही माळ होते: ‘अण्णांच्या गिरणीच्या दाराच्या कडीच्या आवाजाने तो थांबला’. याचं ‘गिरणीची कडी वाजली. तो थांबला’ एवढंच करा.

प्रत्येकाला लागलेल्या शब्दांच्या काही सवयी असतात. ‘अचानक’, ‘क्षणभर’, ‘नकळत’, ‘जणू’, ‘एकदम’, ‘काहीसा’ हे शब्द फाइलमध्ये शोधा आणि किती आहेत ते बघा. ‘अचानक’ पाचदा निघाला तर चार काढा. त्या जागी दुसरा शब्द घालण्याची गरज बहुधा पडत नाही.

निवेदन ‘झाले, केले, असे’ या रूपांत की ‘झालं, केलं, असं’ या रूपांत, हेही इथे पक्कं करा. दोन्ही चालतात, पण एका कथेत एकच. सरमिसळ झाली तर मुद्रितशोधकाला ती हातासरशी दिसते आणि संपादकाचा विश्वास तिथेच कमी होतो. निवेदन ‘झाले’चं आणि संवाद ‘झालं’चे, ही विभागणी मात्र जुनी आणि नीट चालणारी आहे.

वाचणारे दोघे

चौथ्या हातानंतर कथा दोघांना द्या, जास्त नको. एक जण कथा वाचणारा, दुसरा त्या विषयातला, म्हणजे इथे गिरणीवाला किंवा त्याच्या घरातलं कुणी. ‘कशी वाटली?’ असं विचारलंत की ‘छान’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: कुठे लक्ष उडालं? कुठे मागे जाऊन परत वाचावं लागलं? शेवटी काय झालं असं तुम्हाला वाटतं? कुणाचं वागणं पटलं नाही? उत्तरं लिहून घ्या आणि समर्थन करू नका. छापील कथेच्या शेजारी उभं राहून तुम्ही काहीच समजावू शकणार नसता. दोघेही एकाच जागी अडखळले तर ती जागा नक्की बिघडलेली आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र जसाच्या तसा घेऊ नका. दुखणं त्यांना बरोबर कळतं, औषध तुम्हालाच शोधावं लागतं.

पक्की प्रत

शुद्धलेखन आता. मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम आहेत, चौदा १९६२चे आणि चार १९७२चे. ते दोन-तीन पानांत मावतात, एकदा हाताने उतरवून वहीच्या मागच्या पानावर ठेवावेत. कथेत सर्वांत जास्त चुकतं ते इतकंच: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (‘आणि’, ‘नि’ हे अपवाद), विभक्ती लागताना मधला दीर्घ ऱ्हस्व होतो (फूल-फुलाला, मूल-मुलाला), आणि ‘दुसऱ्या’, ‘गिऱ्हाईक’मधला ऱ. टंकताना तो बरेचदा ‘र्‍या’ऐवजी ‘र्या’ होऊन जातो, म्हणून शोधून बघा.

प्रत युनिकोडमध्ये हवी. जुन्या फाँटमध्ये टंकलेली कथा दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखी दिसते, आणि रूपांतर करताना जोडाक्षरं फुटतात. वर्ड आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइल पाठवल्या तर नुसत्या डोळ्यांनीही ताडून पाहता येतं. पहिल्या पानावर कथेचं नाव, तुमचं नाव, शब्दसंख्या आणि संपर्क. सोबतच्या पत्रात कथेचा अर्थ सांगू नका.

दिवाळी अंकांत हौशी लेखकाला आजही जागा मिळते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही जागा मराठीत आहे, आणि इतक्या कथा एका वेळी वाचणारा वाचक दुसऱ्या कुठल्या ऋतूत भेटत नाही. बरेच अंक उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत साहित्य मागवतात, म्हणून जानेवारीत बीज धरलं तर दहा आठवड्यांची ही सगळी फेरी आरामात पूर्ण होते. शब्दमर्यादा त्या-त्या अंकाच्या आवाहनात असते, ती पाळावी. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. परत आली तर दोन महिने वहीत ठेवून पुन्हा वाचा, पण फक्त दुसऱ्या हाताच्या प्रश्नांसाठी: सुरुवात, शेवट, डोळे. वाक्यं पुन्हा घोटू नका, ती आधीच गुळगुळीत झालेली असतात.

आणि एक वेगळी पातळ वही ठेवा, कापलेल्या मजकुराची. कथेतून गेलेलं प्रत्येक पान, प्रत्येक पात्र तारखेसह तिथे उतरवा. गिरणीच्या कथेत एकादशीच्या आदल्या दिवशीचा प्रसंग बसला नाही म्हणून गेला, तर तो इथे राहतो: पाव किलो राजगिऱ्याचा डबा हातात धरलेली बाई, आत यायच्या आधी उंबऱ्यातूनच विचारणारी, ‘माझ्या आधी काय दळलंत?’